खेळाचा तास कसा घ्यावा: दोन-शिक्षकी शाळेत नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

पहिली ते चौथीची शाळा, पट तीसच्या आसपास, शिक्षक दोन, आणि शारीरिक शिक्षणाला वेगळा माणूस नाही. विदर्भातल्या खेड्यापाड्यात जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा अशाच चालतात, म्हणजे खेळाचा तास तुम्हालाच घ्यायचा आहे. तो सहसा शेवटच्या तासिकेला असतो आणि सहसा असा जातो: कपाटातून एक बॅट-चेंडू निघतो, सहा-सात मोठे पोट्टे क्रिकेट खेळतात, पोरी कडुनिंबाखाली बसतात, पहिलीची लेकरं माती उकरतात आणि सर-मॅडम मोबाइलवर कुठली तरी माहिती भरत असतात.

तास बरा झाला की नाही, हे ठरवायची एक सोपी रीत आहे. मागे-मागे राहणारं एखादं मूल मनात धरा आणि ३५ मिनिटांत ते प्रत्यक्षात किती मिनिटं पळालं, उडालं, फेकत-झेलत होतं ते मोजा. १८ मिनिटं भरली तर तास चांगला. सुरुवातीला पाच-सहा भरतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढे जे सांगितलंय ते बहुतेक हा आकडा वाढवण्यासाठीच आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. त्यातला एक वाटा शाळेनं उचलायचा आहे.

आधी अंगण पायी फिरा

शाळा भरायच्या अर्धा तास आधी या आणि अंगणाचा कोपरा न् कोपरा पाहा. काळ्या मातीचं अंगण असेल तर पावसाळ्यात गाळ आणि फेब्रुवारीपासून भेगा. भेगेत टाच अडकून घोटा मुरगळतो. ग्रामपंचायतीकडून मुरूम टाकून घेता येतो, पण तो पाणी मारून दाबून घ्या. नुसता पसरलेला मुरूम चिखलापेक्षा वाईट: सुट्या खड्यांवर पाय सरकतो आणि टोंगळे (गुडघे) फुटतात.

दिवाळीच्या सुमारास गोखरू वाळून त्याचे सराटे जमिनीवर पसरतात, बाभळीचे काटे तर बारमाही. जुनं पोतं ओलं करून अंगणावरून ओढलं की बरेच सराटे त्याला चिकटून येतात. सोमवारी काच हमखास पाहा, कारण सुटीच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर कोण बसतं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. दगड हातानं उचलू नका, काठीनं उलथा, खाली विंचू असतो. गाजर गवत पोरांकडून उपटून घेऊ नका, अंगाला खाज सुटते. आणि साफसफाईला फक्त पोरी, खेळायला फक्त पोरं, ही वाटणी कुठल्याच तासाला नको.

पळायची अंतिम रेषा भिंतीपासून निदान ५ मीटर अलीकडे आखा. रेषा गाठली की लेकरू थांबत नाही, भिंत गाठली की थांबतं, आणि मनगट तिथंच मोडतं. ध्वजाचा ओटा, हातपंपाचा दांडा, किचन शेडची पायरी यांच्यापासून ३ मीटर मोकळे ठेवा.

रेषेसाठी फक्की वापरा. बांधकामाचा चुना कधीच नको, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. चुलीची राख चालते, फक्त पूर्ण विझलेली, चाळलेली हवी. एका तासापुरती रेघ हवी असेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडा आणि दाबत चाला. कोरड्या मातीवर पाण्याची रेघ पंधरा-वीस मिनिटं टिकते.

ऊन, पाऊस, हंगाम

मार्चात सकाळची शाळा लागली की खेळाचा तास परिपाठानंतर लगेच घ्या आणि नऊच्या आत संपवा. शेवटची तासिका वेळापत्रकात शोभते, उन्हात नाही. पोरं अनवाणी असतील तर स्वतःचा तळहात जमिनीवर टेकवून सावकाश पाचपर्यंत मोजा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यांना पळवू नका. चपला घालून पळणं त्याहून धोक्याचं, पट्टा निघतो आणि पोरगं तोंडावर आपटतं. बूट नसतील तर साफ केलेल्या जमिनीवर अनवाणी बरं.

पाणी खेळाआधी, मध्ये आणि नंतर. तहान लागल्यावर मागतील, असं धरून चालू नका. खेळाच्या नादात लेकरं मागत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी मारून खेळ थांबवा आणि सगळ्यांनाच चार-पाच घोट प्यायला लावा. खिचडीनंतर पाऊण तास तरी पळापळ नको. सकाळच्या शाळेत हेही विचारा की कोण काही न खाता आलंय. अशी दोन-चार असतातच, आणि चक्कर त्यांनाच येते.

पावसाळ्यात पहिला गडगडाट कानावर आला की सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. झाडाखाली आसरा घ्यायचा नाही, हे पोरांकडून दोनदा म्हणवून घ्या, कारण वावरात ते नेमकं तेच करतात.

आणखी एक. कापूस वेचणीच्या दिवसांत, किंवा गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलाच्या दिवसांत, वरच्या वर्गातली काही पोरं सलग गायब होतात. म्हणून आठ तासांची मालिका आखून पाचव्या तासाला चौथ्या तासाचा आधार घेऊ नका. प्रत्येक तासाला मागचं थोडं परत घ्या.

साहित्य: काय बनवायचं, काय विकत घ्यायचं

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे चिंचोक्यांची पिशवी. जुन्या जीन्सच्या कापडाचे १२ बाय १२ सेंटिमीटरचे दोन तुकडे, तीन बाजूंना दुहेरी शिवण, आत १०० ते १२० ग्रॅम चिंचोके, मग चौथी बाजू. चिंचोके आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर किडे पडतात. पिशवी गच्च भरू नका. पाऊण भरली की हातात पडल्यावर बसते, गच्च भरली तर दगडासारखी लागते. तूर-ज्वारी भरली तर एका रात्रीत उंदीर येतात. वाळू शिवणीतून गळते आणि डोळ्यात जाते. पट तीस असेल तर तीस पिशव्या करा. बचत गटातल्या बाया किंवा गावातला शिलाईवाला दोन दिवसांत शिवून देतो.

चेंडूसाठी चिंध्यांचा घट्ट गोळा जुन्या मोज्यात घाला, मोजा पिळून उलटा परत चढवा. वरून सायकलच्या ट्यूबचे सेंटिमीटरभर रुंदीचे पंधरा-वीस वेढे आडवे-उभे चढवले की चेंडू थोडा उसळतोही. गोळा ७-८ सेंटिमीटरचा हवा, मोठा झाला तर पहिलीच्या मुठीत मावत नाही.

याखेरीज लिटरच्या बारा बाटल्या, एक तृतीयांश वाळू भरलेल्या, खुणेसाठी. सायकलचे सहा जुने टायर, काठाची तार बाहेर आलेली नाही हे हात फिरवून पाहिलेले. जुन्या लुगड्याच्या ६० सेंटिमीटर लांब, चार बोटं रुंद पट्ट्या. अडथळ्याला दोन विटांवर सुटी ठेवलेली तुराटी (तुरीची वाळलेली काडी) उत्तम: पाय लागला की पडते, पोरगं पडत नाही. तिची तोडलेली टोकं मात्र चिंधीनं गुंडाळा. ताणून बांधलेली सुतळी अडथळा म्हणून कधीच वापरू नका. पऱ्हाटीही (कापसाची काडी) नको, तिच्या फांद्या बोचतात.

‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. हा पैसा कॅरम आणि क्रिकेटच्या संचात घालणारे पुष्कळ आहेत. कॅरमवर चार पोरं बसतात, म्हणजे बसतातच. त्यापेक्षा दहा रबरी चेंडू, ८ मिलिमीटर जाडीचा ४० मीटर दोर, ३० मीटरचा टेप आणि दोन शिट्ट्या घ्या.

थांबायला शिकवणं पहिलं

पहिले तीन तास चेंडू काढूच नका. शिट्टी म्हणजे ‘थांबा’, दुसरा कुठलाही अर्थ नाही. शिट्टी वाजली की जागेवर थांबायचं, हातातलं खाली ठेवायचं, दोन्ही हात टोंगळ्यांवर. हात टोंगळ्यांवर का, तर रिकामे हात शेजाऱ्याला ढकलतात. चालणं, मग पळणं, मग लंगडी, मग बेडूकउड्या असं सुरू ठेवून मध्येच शिट्टी मारा. तीन सेकंदांत सगळे थांबले की पुढे जायचं. जो शिक्षक प्रत्येक गोष्टीला शिट्टी मारतो, त्याची शिट्टी आठवड्याभरात कोणी ऐकेनासं होतं.

सावधान-विश्राम, दहिने मूड वगैरे दोन मिनिटांत उरका. ऑगस्ट आणि जानेवारीत कवायत-लेझीमचा सराव करावाच लागतो, गावही तेच पाहायला येतं. पण वर्षभर पोरांना उन्हात रांगेत उभं करणं म्हणजे शारीरिक शिक्षण नाही.

सूचना अर्ध्या मिनिटाच्या आत संपवा. तुम्ही सूर्याकडे तोंड करून उभे राहा म्हणजे पोरांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी-माडिया बोलणारी लेकरं असतील तर बोलण्यापेक्षा करून दाखवा, आणि एखाद्या चुणचुणीत पोरीला पुढे घेऊन तिच्याकडून करवून घ्या. मराठी घरातल्या पहिलीलासुद्धा हेच जास्त कळतं.

रांगेचं गणित

नव्या शिक्षकाचा तास सगळ्यात जास्त बिघडतो तो रांगेमुळे. तीस पोरं, पंधरा-पंधराच्या दोन रांगा, बाटलीला वळसा घालून परत यायचं. एकाला १५ सेकंद लागले तर फेरी संपायला २२५ सेकंद, म्हणजे पावणेचार मिनिटं. त्यात प्रत्येक जण पळाला १५ सेकंद. उरलेल्या साडेतीन मिनिटांत रांगेत चिमटे, ढकलाढकली आणि तक्रारी, मग आपण म्हणणार की पोरं ऐकत नाहीत. त्याच तीस पोरांच्या पाच-पाचच्या सहा रांगा केल्या तर फेरी ७५ सेकंदांत संपते. पावणेचार मिनिटांत तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक जण ४५ सेकंद पळतो. रांगेत पाचपेक्षा जास्त पोरं दिसली की रांग फोडायची.

‘बाद झाला, बाजूला बस’ हे खेळही असेच. ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज, तो पहिल्या मिनिटाला बाद होऊन कडेला बसतो. खेळ टाकून द्यायची गरज नाही, नियम बदला: बाद झालेला कडेला दहा उड्या मारून परत आत. विष-अमृत या हिशेबानं उत्तम आहे, त्यात अमृत मिळालं की परत पळायचंच असतं. शेपटी पकडही छान: लुगड्याची पट्टी कमरेला मागे खोचायची, बांधायची नाही, आणि दुसऱ्यांच्या ओढायच्या. स्वतःची गेली तरी खेळ सुरूच.

गट पाडताना कप्तानांना ‘निवडा’ म्हणू नका. शेवटी उरणारी दोन लेकरं दरवेळी तीच असतात, आणि ती शेवटची का उरतात हे गावातली पोरं घरून शिकून आलेली असतात. पहिली-दुसरीला जमिनीवरच्या खुणांप्रमाणे, तिसरी-चौथीला आकडे मोजून तुम्हीच पाडा.

पस्तीस मिनिटं

तीन मिनिटं बाहेर येणं आणि मोजणी. सहा मिनिटं अंग गरम करणं: भरभर चालणं, हळू पळणं, बाजूनं सरकणं, हात फिरवणं, थांबण्याचा खेळ. उभ्या-उभ्या पायाची बोटं धरून ताण देणं सुरुवातीला नको, ते शेवटी. बारा मिनिटं एकच कौशल्य. दहा मिनिटं ते कौशल्य लागणारा खेळ. शेवटची चार मिनिटं सावकाश चालणं, ताण, दीर्घ श्वास, पाणी, साहित्य मोजून आत. साहित्य मोजलं नाही तर महिन्याभरात तीस पिशव्यांच्या अकरा होतात.

चारही वर्ग एकत्र असतील तर पहिली-दुसरी एका बाजूला, तिसरी-चौथी दुसऱ्या बाजूला, कौशल्य तेच, अंतर आणि वस्तू वेगळी. मोठ्यांकडे पाठ करून उभे राहू नका. कडेला अशा जागी उभे राहा की सगळं अंगण एका नजरेत येईल.

बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात शारीरिक शिक्षणासोबत कला आणि कार्यानुभवही आहे. कृतींसाठी ते चाळा. तास कसा चालवायचा हे मात्र अंगणातच कळतं.

फेकणं आणि झेलणं

खो-खो, कबड्डीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, फेकण्याकडे कोणाचंच नाही. परिणाम असा की चौथी पास झालेल्या कित्येक पोरींना चेंडू खांद्यावरून फेकता येत नाही, आणि लोक म्हणतात पोरींना जमतच नाही. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

उजव्या हाताच्या मुलासाठी क्रम असा. डावा खांदा भिंतीकडे करून आडवं उभं राहायचं. डावा हात भिंतीकडे रोखायचा. उजवं कोपर खांद्याइतकं वर, चेंडू डोक्यामागे. डावा पाय पुढे टाकायचा, कंबर वळवायची, फेकायचं आणि हात डाव्या मांडीपर्यंत येऊ द्यायचा. डावखुऱ्याला सगळं उलट. डावखुऱ्यांना उजव्या हातानं फेकायला लावू नका.

तीन चुका तुम्हाला पहिल्याच तासाला दिसतील. पहिली: ज्या हातानं फेकतो त्याच बाजूचा पाय पुढे. यावर ‘दुसरा पाय!’ असं ओरडून उपयोग होत नाही. जमिनीवर रेघ आखून रेघेपलीकडे टायर ठेवा आणि डाव्या पायानं टायरात पाय टाकूनच फेकायचं असं ठरवा. दुसरी: कोपर खाली राहतं आणि चेंडू गोळाफेकीसारखा ढकलला जातो. बहुतेक वेळा चेंडू जड असतो किंवा हातापेक्षा मोठा असतो. मोज्याचा लहान चेंडू द्या, अर्धी चूक तिथंच जाते. तिसरी चूक शिक्षकाची: भिंत तीन मीटरवर आणि ‘नेम धर’ ही सूचना. जवळच्या नेमाला पोरगं मनगटानं टाकतं, अंग वळवतच नाही. भिंतीपासून ८ मीटर मागे न्या आणि ‘जोरात मार, आवाज आला पाहिजे’ म्हणा. जोर लावला की पाय, कंबर, खांदा आपोआप कामाला लागतात. नेम नंतर येतो.

सगळ्यांनी एकाच दिशेनं फेकायचं, आणि चेंडू आणायला शिट्टीनं सगळे थांबल्यावर, तुम्ही सांगितलं की सगळ्यांनी एकदमच जायचं. हा नियम एकदा सैल सोडला की कोणाच्या तरी डोळ्याला लागतं.

झेलण्याची सुरुवात पिशवीनं, एकट्यानं. डोळ्यांइतकी उंच उडवायची, ओंजळीत घ्यायची. दहापैकी सात वेळा जमलं की जोडी करा, अंतर २ मीटर, खालून हलकं टाकणं. त्यानंतर एक टप्पा घेऊन येणारा रबरी चेंडू, शेवटी थेट. लेकरू तोंड फिरवतं, डोळे मिटतं, छातीला कवटाळतं, ते भीतीनं. रागावू नका, एक पायरी मागे या आणि मऊ वस्तू द्या. पहिलीत छातीशी कवटाळून झेलणं वयाला धरूनच आहे. तिसरीत हातांनी झेललं पाहिजे.

उड्या, दोरी, पळणं

उडीत अंतरापेक्षा उतरणं शिकवा: दोन्ही पायांवर, टोंगळे वाकवून, आवाज न करता. ‘मांजरीसारखं उतर’ एवढी सूचना पुरते. लांब उडी मुरमावर घेऊ नका. नाल्याची वाळू टाकून निदान ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि प्रत्येक वेळी फावड्यानं भुसभुशीत करून घ्या, कारण वाळू बसते आणि रात्री त्यात कुत्री येतात.

दोरीच्या उडीसाठी दोराच्या मध्यावर उभं राहून दोन्ही टोकं काखेपर्यंत आली की माप बरोबर. सुतळी हलकी पडते, फिरतच नाही, आणि पोरगं समजतं की आपल्यालाच जमत नाही. आधी दोर एका हातात धरून बाजूला फिरवत उड्या, मग खरी दोरी.

पळण्यात पहिली-दुसरीला २० मीटर, तिसरी-चौथीला ३०-४० मीटर पुरे. मूठ आवळलेली आणि हात छातीसमोर आडवे हलणारे दिसले तर ‘हात खिशापासून गालापर्यंत’ सांगा.

खो-खो, पण लहानांचा

मोठ्यांचं मैदान २७ बाय १६ मीटर असतं आणि नऊ खेळाडूंपैकी आठ बसतात. तिसरी-चौथीला ते झेपत नाही. सहा चौकोन, दोन चौकोनांत दीड ते दोन मीटर अंतर, दोन्ही टोकांना खांब. खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर उंच हवा. बांबू वापरत असाल तर तासून घ्या, त्याच्या खापेनं तळहात चिरतो. लोखंडी सळई चालणार नाही.

एकदम सगळे नियम सांगितले की गोंधळ होतो. पहिल्या तासाला फक्त बसणं-उठणं: तोंडं आलटून-पालटून विरुद्ध दिशांना, एक पाय मागे, टाच उचललेली, हाताची बोटं जमिनीला. मांडी ठोकून बसलेलं पोरगं उठेपर्यंत धावणारा निघून जातो. दुसऱ्या तासाला फक्त ‘खो’: पाठीला तळहाताचा स्पर्श आणि तोंडानं ‘खो’, दोन्ही एकाच वेळी. इथं दोन खोड्या ठरलेल्या, एक म्हणजे खो मिळण्याआधीच उठणं आणि दुसरी म्हणजे पाठीत गुद्दा घालणं. गुद्दा पडला तर खो रद्द, असा नियम करा, आपोआप थांबतं. तिसऱ्या तासाला पाठलाग आणि एकच नियम: बसलेल्यांच्या मधून पळणाऱ्यानं जायचं, पाठलाग करणाऱ्यानं नाही. दिशा न बदलण्याचा नियम चौथ्या तासाला. डाव दोन मिनिटांचा, म्हणजे बसणारे लवकर बदलतात. तीस पोरं असतील तर दोन मैदानं आखा.

कबड्डी तिसरीपासून, मऊ जमिनीवर, आणि सुरुवातीला फक्त स्पर्शाची. घोटा धरून ओढणं, कंबर धरून पाडणं प्राथमिकला नको. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या गावातल्या मोठ्यांनाही येतात, एखाद्या आजोबांना बोलावून पाट्या आखून घ्या. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी खेळांचं काम करतंय, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूनं तिथं प्रात्यक्षिकं दाखवली होती. तिथून शिकलेले शिक्षक विदर्भातल्या अनेक हायस्कुलांत आहेत. तुमच्या जवळच्या गावात असे कोणी असतील तर एका शनिवारी बोलवा; खांब कसा रोवायचा, आट्यापाट्यांतली सूर (मधली उभी पाटी) कशी धरायची हे दोन तासांत दाखवतील.

कोणाला सांभाळून घ्यायचं

विदर्भात शिकवताना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार माहीत असलाच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती, सगळीकडे हे रुग्ण आहेत. रुजू झाल्यावर पालकांना आणि आशाताईंना विचारून अशा मुलांची यादी स्वतःजवळ ठेवा, भिंतीवर लावू नका. या लेकरांना अंगातलं पाणी कमी होणं, दमछाक आणि अचानक थंडी लागणं यांतून हातापायांत, पाठीत, पोटात भयंकर कळा येऊ शकतात. म्हणून त्यांना खेळातून काढायचं नाही, खेळ त्यांच्या बेतानं ठेवायचा: थोडं खेळणं, मग विसावा, पाणी सारखं, ‘अजून एक फेरी मार’ असा आग्रह नाही. शर्यतीत पंच, वेळ मोजणारा असं काम अधूनमधून द्या, पण कायमचं नाही. घाम आलेला असताना अंगावर गार पाणी ओतायचं नाही, पावसात भिजवायचं नाही. दुखतंय म्हणालं तर नाटक समजू नका. ताप, धाप, छातीत दुखणं किंवा न थांबणाऱ्या कळा असतील तर वाट न पाहता दवाखाना.

फिकट डोळ्यांचं, लवकर धापा टाकणारं मूल रक्त कमी असल्यामुळेही तसं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशांची नावं आवर्जून सांगा. दिव्यांग मुलासाठी वेगळा खेळ शोधण्यापेक्षा त्याच खेळात अंतर कमी करा, वस्तू मोठी करा, जोडीदार द्या. चौथीतल्या एखाद्या पोरीची पाळी सुरू झालेली असू शकते, तिनं ‘आज नको’ म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

लागलं-खुपलं तर

खरचटलं तर स्वच्छ पाणी आणि साबण, मग कोरडी पट्टी. हळद, माती, चुना काही नाही. घोळणा फुटला तर डोकं मागे करू नका, रक्त घशात जातं. पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग दाबा. कांदा हुंगवायची गरज नाही. मुरगळलेल्या घोट्याला चोळायचं नाही: गार पाण्याचं फडकं, पट्टी, पाय वर. झटका आला तर कुशीवर वळवा, आजूबाजूचे दगड दूर करा, तोंडात चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका.

उन्हात डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम दिसला तर सावलीत न्या, पाणी द्या. घरगुती जलसंजीवनी: एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. बरळायला लागलं, अंग तापून लाल झालं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात: तोंडातून काही देऊ नका, कपडे सैल करा, अंग भरपूर पाण्यानं ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. इथं सिकलसेलचं मूल असलं तरी अंग थंड करायचंच.

नोंदी आणि केंद्राचे सामने

आकारिक नोंदवहीत ‘खेळाची आवड आहे’ असं तीसही जणांपुढे लिहिलेलं सगळ्यांनी पाहिलंय. त्यातून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. असं लिहा: ‘फेकताना विरुद्ध पाय पुढे येतो, ८ मीटरवरून भिंतीला लागतं; झेलताना अजून डोळे मिटते.’ एका तासाला पाचच मुलांचं लिहायचं, महिन्यात सगळी होतात. खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचण्यांत पहिली ते तिसरीसाठी उंची-वजन, एका पायावर तोल सांभाळणं आणि दोन तबकड्यांना आळीपाळीनं हात लावणं एवढंच आहे. ६०० मीटर धावणं त्यापुढच्या वयाला. आपल्याकडे कुणी हौसेनं पहिलीलाही ६०० मीटर पळवतं, ते थांबवा.

हिवाळ्यात केंद्राचे (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे), मग तालुक्याचे सामने लागतात. दीड महिना सगळे खेळाचे तास निवडलेल्या बारा पोरांना जातात आणि उरलेली अठरा टाळ्या वाजवतात. संघाचा सराव शाळा भरायच्या आधी अर्धा तास घ्या, तास सगळ्यांचाच ठेवा. सामन्याच्या आदल्या दिवशी जोरदार सराव नको. जाताना गाडीत कोंबून नेऊ नका, पालकांचं संमतीपत्र लेखी घ्या, आणि सोबत पाण्याचा कॅन, मीठ-साखर, पट्ट्या, पोरांच्या घरचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण तालुक्याच्या मैदानावर नेमकी मोबाइलची बॅटरी उतरते. जेवण सामन्याआधी दोन तास. आयोजकांची खिचडी एकला मिळेल म्हणाले तर तीनला मिळते, तेव्हा शाळेतूनच भाकरी, फुटाणे, गूळ बांधून न्या.